ओटी भरून झाली, हिशेब राहिला

सिंदफणेच्या काठावर माझं आजोळ. चैत्र-वैशाखात नदी वरून आटलेली असायची, तरी आजी घागर घेऊन नदीवरच जायची. वाळूत बसकण मारायची आणि दोन्ही हातांनी वाळू बाजूला सारत राहायची. कोपरभर खड्डा झाला की तळाला ओल दिसायची, मग पाझर फुटायचा. पहिलं गढूळ पाणी ती करवंटीनं उपसून टाकायची आणि गप्प बसून राहायची. थोड्या वेळानं झिरा निवळायचा. मग करवंटी-करवंटीनं घागर भरायची, वर फडकं. अर्धा तास लागायचा एका घागरीला. भरून झाल्यावर झिरा बुजवायचा नाही, मागून येणाऱ्या बाईसाठी तसाच ठेवायचा, असा रिवाज होता. प्रत्येक आळीचा झिरा वेगळा होता आणि काही आळ्यांना तो धारेच्या खालच्या अंगालाच खोदावा लागायचा, हेही तितकंच खरं. ते मला फार उशिरा कळलं.

आज त्या जागी झिरा खोदायचा तर पहार लागेल. वाळू गेली, खाली खडक आणि चिकणमाती उघडी पडली. घाटाच्या शेवटच्या तीन पायऱ्या हवेत लटकल्यासारख्या दिसतात. पूर्वी त्या वाळूत रुतलेल्या असायच्या. आता शेवटच्या पायरीवरून पात्रात उतरायचं तर म्हातारी माणसं एकमेकांचा हात धरतात.

गेल्या वर्षी याच घाटावर नदीपूजन झालं. गावातल्या बायांनी खण-नारळानं नदीची ओटी भरली, शाळेच्या पोरांनी घोषणा दिल्या, तरुणांनी दोन ट्रॉल्या भरून प्लास्टिक आणि निर्माल्य गोळा केलं, संध्याकाळी आरती झाली. मीही हात जोडून उभा होतो आणि मनापासून उभा होतो. आरती संपून माणसं पांगायला लागली, तसा वरच्या वळणावरून ट्रॅक्टरचा आवाज आला. पात्रात वाळू खरवडायची केनी ओढली जात होती. घाटावरच्या प्रत्येकाला तो आवाज ओळखू आला आणि कुणीच काही बोललं नाही. मीही नाही. दुसऱ्या दिवशी मी संबंधित कार्यालयात अर्ज दिला. दोन महिन्यांनी उत्तर आलं: पाहणीच्या वेळी सदर ठिकाणी उपसा आढळून आला नाही.

त्या दिवसापासून एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. मराठवाड्यात नदीचा उत्सव करणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि ती वाढलीच पाहिजे. पण उत्सव करणारेच नदीचा हिशेब मागायला लागत नाहीत, तोवर नदीच्या पदरात काही पडत नाही.

उत्सवाला नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. आरती आणि ओटी म्हणजे वेळेचा अपव्यय, असं म्हणणारी शहाणी माणसं मला भेटतात, त्यांचं मला पटत नाही. आपला सगळा संतपरिवार नदीकाठचा आहे. पैठणला गोदेच्या काठी एकनाथ, गंगाखेडला जनाबाई, कयाधूच्या काठी नर्सीला नामदेव, तेरणेच्या काठी तेरला गोरोबाकाका. काशीहून कावडीत आणलेली गंगा तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतणाऱ्या नाथांची गोष्ट इथल्या प्रत्येक पोरानं ऐकलेली असते. नदीशी आपलं जे नातं उरलंय ते याच वाटेनं उरलंय. ज्या गावात वर्षातून एकदाही कुणी पात्रात उतरत नाही, त्या गावाला पात्रातून काय नाहीसं झालं हे कळतच नाही. ओटी भरायला पायऱ्या उतरलेल्या बाईलाच दिसतं की शेवटच्या पायरीखाली वाळू उरलेली नाही. सरकारनंही २ ऑक्टोबर २०२२ ला सेवाग्रामहून ‘चला जाणूया नदीला’ हे अभियान सुरू केलं. पहिल्या टप्प्यात राज्यातल्या ७५ नद्या घेतल्या, काठाकाठानं संवाद यात्रा काढायचं ठरलं. कल्पना चांगलीच होती. नदी आधी पायाखालून गेली पाहिजे, हे त्यामागचं म्हणणं मला मान्य आहे.

पण यात्रा पुढच्या गावाला गेल्यावर मागे काय उरतं? फोटो उरतात. आणि सुकलेल्या हारांचं निर्माल्य, जे पुढच्या स्वच्छता मोहिमेत उचलायचं.

आम्हा मराठवाड्याच्या माणसांना पाण्याचा हिशेब करता येत नाही असं कुणी म्हणू नये. जायकवाडी भरलं की नाही हे इथल्या टपरीवरच्या माणसाला टक्क्यांत पाठ असतं. १५ ऑक्टोबरला नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या आत असेल, तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे सूत्र मेंढेगिरी अभ्यासगटाच्या अहवालातून आलं. त्यामागे २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याचा आधार होता, आणि समन्यायी वाटपाचं तत्त्व मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये उचलून धरलं. हे फुकट मिळालं नाही. इथल्या कार्यकर्त्यांनी, अभियंत्यांनी, वकिलांनी वर्षानुवर्षं कागद जमवले, आकडे मांडले. खालच्या टोकाला, तेलंगणच्या सीमेजवळच्या बाभळी बंधाऱ्याचंही तसंच. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, १ मार्चला ०.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी खाली सोडायचं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानं दशांश चिन्हापर्यंत ठरलेलं आहे.

म्हणजे समोर नाशिक किंवा तेलंगण असलं की आपण टीएमसीत बोलतो. आणि पैठण ते नांदेड या मधल्या पट्ट्यात, जिथे दोन्ही काठ बहुतेक आपलेच आहेत, तिथे मात्र आपण भावनेत बोलतो. एका बंधाऱ्याच्या फुगवट्यापासून पुढच्या बंधाऱ्यापर्यंत गोदावरी जिन्याच्या पायरीसारखी अडवलेली आहे. उन्हाळ्यात नदीनं स्वतःसाठी, माशांसाठी, काठच्या विहिरींसाठी किती वाहावं, हा प्रश्न मी आजवर आमच्या एकाही मोर्चात ऐकलेला नाही. वरच्यांकडे मागितलेला हिशेब आपल्याच सोयऱ्याधायऱ्यांकडे मागणं अवघड जातं, एवढाच त्याचा अर्थ. वाळूवाला आपल्याच भावकीतला असतो, कारखान्याच्या संचालकानं गावाच्या सप्ताहाला पंगत दिलेली असते, आणि नाला सोडणाऱ्या नगरपालिकेत आपला पाहुणा नोकरीला असतो.

वाळूचंच घ्या. वाळू मोजतात ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २,८०० लिटरहून थोडी जास्त जागा. भिजलेल्या वाळूत कणाकणांच्या मधल्या पोकळीत साधारण तिसरा हिस्सा पाणी मावतं. म्हणजे एका ब्रासमागे नऊशे लिटर. एका हायवात, म्हणजे मोठ्या डंपरात, पाच ब्रास गेली तर साडेचार हजार लिटर पाणी धरून ठेवणारी जागा पात्रातून कायमची उचलली गेली. हा एका लहान टँकरचा हिशेब झाला, आणि तोही असा टँकर, जो दर पावसाळ्यात आपोआप भरायचा, झाकलेला राहायचा, गाळून पाणी द्यायचा आणि काठच्या विहिरींना महिनोन्‌महिने पाझरत राहायचा. एका रात्री वीस हायवा गेल्या की सकाळी गावाचे वीस टँकर कमी झाले. एप्रिलमध्ये तेच गाव तहसीलवर टँकरसाठी मोर्चा घेऊन जातं. हा सरळ गुणाकार कोणत्याही शाळेतल्या सातवीच्या पोराला येतो. तो फळ्यावर मांडला जात नाही, एवढंच.

कायद्याची उणीव आहे असंही नाही. पर्यावरण मंजुरीशिवाय वाळूचा पट्टा द्यायचा नाही, पट्टा पाच हेक्टरहून लहान असला तरी नाही, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये दिला. त्यानंतर राज्याची वाळू धोरणं बदलत राहिली. २०२३ मध्ये ६०० रुपये ब्रासनं सरकारी डेपोतून वाळू देण्याचं धोरण आलं, तेही पुढे बदललं. धोरण कोणतंही असो, नदीत रात्री काय चाललंय हे काठावरच्या माणसालाच आधी दिसतं. नांदेडच्या बाजूला तराफे टाकून वाळू काढतात. प्रशासन येतं, तराफे जाळतं, बातमी येते, आठवड्यात नवे तराफे पाण्यात. तराफ्यावर बुड्या मारणारे मजूर गरीब आणि बहुतेक परगावचे असतात. त्यांचा तराफा जळतो. ज्याची गाडी भरून जाते त्याचं नाव पंचनाम्यात क्वचितच येतं. नदीप्रेमी मंडळांनी या मजुरांना शत्रू समजू नये, असं मला वाटतं. नदीच्या तळाशी काय उरलंय हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे, कारण तिच्यात चांगल्या माणसांचे कष्ट आहेत. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावायची वेळ आली. त्या उन्हाळ्यात लातूरकरांनी लोकवर्गणी जमवून मांजरेच्या पात्राचं काही किलोमीटर खोलीकरण केलं. हमालापासून डॉक्टरपर्यंत लोकांनी पैसे दिले. त्या भावनेपुढे मी नतमस्तक आहे. पण त्यानंतर मराठवाड्यात नदीवर प्रेम करणं म्हणजे नदीत जेसीबी उतरवणं, असं जे समीकरण रूढ झालं, ते मला घातक वाटतं. शिरपूर पॅटर्नचं नाव घेत जागोजागी ओढे आणि नद्या खणल्या गेल्या. शिरपूर तापीच्या खोऱ्यातलं, तिथे गाळाचे जाड थर आहेत. आपल्याकडे काळा पाषाण. त्याच्यावर मुरमाचा थर, आणि पाणी धरतो तो हाच फुटका, सच्छिद्र मुरूम. तो खरवडून काढला की खाली सलग खडक लागतो, त्यात पाणी मुरत नाही, नुसतं साठतं आणि उन्हात उडून जातं. वर, पात्र आजूबाजूच्या भूजलाच्या पातळीच्या खाली गेलं की शेजारच्या विहिरींचं पाणी उलट पात्रात उतरतं. छत्रपती संभाजीनगरातलेच अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी सरकारच्या जलयुक्त शिवार अभियानातल्या अशा कामांविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली होती. तेव्हा पुष्कळांना ते विकासाच्या आड येणारे वाटले. त्यांचं म्हणणं आज पुन्हा वाचावं.

खोल आणि सरळ केलेल्या नदीला पूर आला की ती कशी धावते ते आपण पाहिलं आहे. २०२५ च्या सप्टेंबरात सिंदफणा, मांजरा, सीना, तेरणा सगळ्याच उधाणल्या आणि काठची शेतं माती-मुळांसकट खरडून घेऊन गेल्या. अतिवृष्टीला आपण थांबवू शकत नव्हतो. पण काठावरची निर्गुंडी, वाळुंज, करंज, लव्हाळी आपणच उपटली होती. बांध पात्रापर्यंत आपणच नेले होते. बीडकरांना २३ जुलै १९८९ ची बिंदुसरा अजून आठवते. तरी पात्रात बांधकामं होतच राहिली. पूररेषेच्या नकाशात निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपल्या गावच्या नदीची निळी रेषा कुठून जाते, हे आरतीला जमलेल्यांपैकी किती जणांनी पाहिलंय? नदीपासून कोणता उद्योग किती अंतरावर असावा हे सांगणारं नदी नियमन क्षेत्र धोरण राज्यानं २००० साली आणलं आणि २०१५ साली रद्द केलं. त्या रद्द होण्याचा आवाज इकडे उमटलाच नाही.

हिशेब मागत काम कसं चालतं याचा नमुना आपल्याकडेच आहे. संभाजीनगरची खाम. पाणचक्कीच्या अंगानं वाहणारी, मलिक अंबरच्या शहराला जिनं आकार दिला ती नदी आमच्या डोळ्यांदेखत नाला झाली होती. लोक तिला ‘नाला’च म्हणत. २०२१ पासून महापालिका, छावणी परिषद, वेरॉक उद्योगसमूह आणि इकोसत्त्व ही संस्था यांनी मिळून तिच्यावर काम सुरू केलं. पुढे जागतिक पातळीवरच्या एका शहरविषयक पुरस्कारात खामचं नाव अंतिम पाचांत गेलं, याचा आनंद आहेच. मला मात्र त्यातली एक साधी गोष्ट मोलाची वाटते. त्यांनी कचरा काठावर उचलण्यापुरतं काम ठेवलं नाही. तो कोणत्या गल्लीतून येतो, तिथे घंटागाडी पोचते का, कोणता नाला कुठे मिळतो, हे शोधत ते वस्त्यांमध्ये गेले. खाम स्वच्छ झाली असं मी म्हणणार नाही. तिच्या पाण्यात अजून कुणी ओंजळ घालत नाही. पण शहरातली पोरं आता तिला नदी म्हणायला लागली आहेत आणि प्रश्न विचारायला लागली आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२२ मध्ये देशभरातले ३११ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले, त्यांतले ५५ महाराष्ट्रातले. देशात सर्वांत जास्त. सांडपाण्याचा प्रश्न यापेक्षा वेगळा समजावून सांगायची गरज नाही. नळाला मीटर लावणारी नगरपालिका नाल्याच्या तोंडाला मीटर लावत नाही.

नदीचं बोलताना माळाचं विसरून चालणार नाही, कारण नदी माळावरच जन्मते. बालाघाटाच्या डोंगरांवरचे उघडे माळ आपल्याला ओसाड वाटतात. ओसाड म्हणजे झाडं नाहीत, आणि झाडं नाहीत म्हणजे लावली पाहिजेत. पालवणला २०२० च्या फेब्रुवारीत वृक्षसंमेलन भरलं, अध्यक्षपदी वडाचं झाड होतं, आणि बीडसारख्या जिल्ह्यात हजारो माणसं झाडासाठी जमली. त्याचं मोल मोठं आहे. पण प्रत्येक माळ जंगलासाठी नसतो. पवना, मारवेल, कुसळी या गवतांचा माळ पावसाचा पहिला मारा झेलतो, पाणी हळू सोडतो. काळवीट, लांडगा, खोकड, धाविक पक्षी त्याच्यावरच जगतात. तो यंत्रानं उकरून ओळीत गिरिपुष्प लावलं की आपण हिरवळ केली असं वाटतं, प्रत्यक्षात एक जिवंत जागा मोडलेली असते. २०२४ च्या अखेरीस यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघ चालत चालत धाराशिवच्या येडशी-रामलिंग अभयारण्यात आला. अभयारण्य केवढं, तर २२ चौरस किलोमीटरच्या आसपास. एवढं मोठं अंतर तो अशाच ओढ्याकाठच्या झाडीतून, बरडावरच्या झुडपांतून आला असणार. त्या जागा सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’, म्हणजे पिकाला निरुपयोगी, म्हणून लिहिलेल्या असतात.

आणि इथे एक इशारा आपणच आपल्याला द्यायला हवा. माळ वाचवायचा म्हणून गायरानावरच्या माणसांना हुसकायचं असेल तर मी त्या बाजूला नाही. गायरान हा मराठवाड्यातल्या भूमिहीन दलितांच्या लढ्याचा इतिहास आहे. एकनाथ आवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी आयुष्य घातलं. १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायचा शासननिर्णय १९९१ चा आहे आणि अजून कितीतरी कुटुंबांच्या नावावर सातबारा नाही. निसर्ग वाचवण्याची पहिली किंमत नेहमी सगळ्यात गरिबानंच का मोजायची? नदीकाठच्या समितीत भोई, परीट, कुंभार, मेंढरं घेऊन फिरणारे धनगर आणि पात्रात टरबुजाच्या वाड्या लावणारी कुटुंबं पाहिजेत. आजीच्या झिऱ्याची खालची धार त्यांच्या वाट्याला आली होती. समितीत तरी त्यांना वरची जागा मिळावी.

यासाठी नवीन संस्था काढायची गरज नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितलं आहे. समित्या कागदावर आहेत. नोंदवह्या पुष्कळ ठिकाणी बाहेरच्या माणसांनी लिहून दिल्या, त्या कपाटात आहेत. आपल्या गावची ती वही बाहेर काढायला लावा. तिच्यात लिहा की मरळ आणि वाम हे मासे यंदा मिळाले का, विहिरींचं पाणी किती परस खोल आहे, कोणत्या तारखेला नदी वाहायची थांबली, कोणत्या रात्री किती गाड्या गेल्या. ग्रामसभेत ती वाचा. ठरावाच्या खाली तारखेनिशी लिहिलेल्या चाळीस रात्री असल्या, की ‘उपसा आढळून आला नाही’ असं उत्तर लिहिणाऱ्याचा हात थोडा अडखळेल.

आमच्या गावात आम्ही सुरुवात पुलापासून करतो आहोत. शाळेच्या दोन शिक्षकांनी, भोई आळीतल्या एका काकांनी आणि बचतगटाच्या बायांनी ठरवलंय की यंदाच्या नदीपूजनाच्या दिवशी, आरतीच्या आधी, पुलाच्या तिसऱ्या खांबावर आज पात्राचा तळ जिथे आहे तिथे पांढरी पट्टी मारायची आणि शेजारी साल लिहायचं. दर वर्षी त्याच दिवशी नवी पट्टी. काकांनी आत्ताच खांबावर हात ठेवून दाखवलं, त्यांच्या लग्नाच्या वर्षी वाळू कुठवर होती ते. त्यांचा हात त्यांच्या डोक्याच्या वर गेला होता. ती खूण आम्ही लाल रंगानं काढणार आहोत. रंगाचा डबा आणून ठेवलाय, शिडी ग्रामपंचायतीची आहे.